विसण

"साविगा, सार?"

बर्फाच्या लादीवर आकडा रोवता रोवता त्या माणसानं आवाज खाली आणून विचारलं. मयताला हवाय का, असं. भल्या पहाटे घरचा म्हातारा एकटाच बर्फ न्यायला आला की बंगळुरातल्या यशवंतपूरच्या त्या बर्फाच्या कारखान्यात हेच विचारत असावेत. शिवाय विलासराव जूनमध्ये इथेच आले होते आणि याच माणसानं लाद्या पोत्यात गुंडाळून दिल्या होत्या. त्यानं ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"नाही," विलासराव कानडीत म्हणाले. "गाडीला."

"कुठली गाडी? मासळीची?"

"शर्यतीची."

बर्फवाला हसावं की नाही या विचारात थांबला. "शर्यतीच्या गाडीला बर्फ?"

"फोडून दे. मुठीएवढे तुकडे कर. लादी टाकीच्या तोंडातून जात नाही."

त्यानं मोगरीनं बर्फ फोडून दिला. बाहेर टेम्पोत शमिका बसली होती आणि टेम्पोच्या पाठीवर ताडपत्रीखाली ती गाडी होती. शमिका ही विलासरावांच्या बायकोच्या, अलकाच्या, भावाची मुलगी. कोरमंगलामध्ये एका कंपनीत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मिळेल ती गाडी मिळेल त्या घाटात पळवायची. आजही चालवणार तीच होती.

"काय म्हणत होता तो, काका?"

"काही नाही. चल."

अलका गेल्याला आठ महिने झाले होते. तिनं तीस वर्षं सरकारी विमान कारखान्यात आराखडे काढले आणि विलासरावांनी त्याच कारखान्यात टूलरूम सांभाळली. निवृत्त झाल्यावर शमिकाची शर्यत बघायला म्हणून ती एकदा कल्लुबेट्टाला गेली. तिथल्या शर्यतीत टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेका गाडीला एकटीलाच सोडतात आणि घड्याळ लावतात. सगळा खेळ जेमतेम दोन मिनिटांचा. अलका दिवसभर उन्हात उभी राहिली आणि घरी येऊन चपला काढायच्या आधी म्हणाली, "अहो, या सगळ्या सपाट रस्त्याच्या गाड्या आहेत. चढाची एकही नाही."

मग चढाची गाडी काढायला बसली. दोन मिनिटांना टाकी किती हवी? तांब्याभर पेट्रोल पुरे. दिवे नकोत, दारं नकोत. एका माणसाची जागा, मोटारसायकलचं इंजिन, मागची चाकं रुंद. जे जे वर ओढून न्यायचं ते ते आधी तिनं वहाणेसारखं दाराबाहेर काढून ठेवलं. अडलं ते रेडिएटरपाशी. रेडिएटर, त्याचा पंखा, त्याच्या नळ्या, एवढं ओझं टेकडीवर न्यायचं, आणि ते तापायच्या आत शर्यत संपणार.

एके दिवशी डोक्यावरून आंघोळ करून, केसांना पंचा गुंडाळून ती न्हाणीघरातून तशीच टेबलापाशी आली.

"विसण," ती म्हणाली.

"ठेवलं नव्हतं का बादलीत?"

"तसं नव्हे हो. इंजिनाला विसण घालायचं."

इंजिनातलं पाणी इंजिनातच फिरत राहील आणि तापेल. शेजारच्या टाकीत बर्फाचं पाणी. कढत पाण्यात आपण तांब्या तांब्या विसण घालतो, तसं हे गार पाणी लागेल तेवढंच आत येईल. सगळं एकदम घातलं तर इंजिन गारठून बसेल, अजिबात घातलं नाही तर करपेल. टेकडी संपेपर्यंत टाकी पुरली की झालं. वर पोचल्यावर थंड व्हायला अख्खा दिवस आहे.

कारखान्याच्या सवयीनं ती प्रत्येक भागाचं नाव इंग्रजीत लिहायची. त्या टाकीपाशी तिचं पेन थांबलं. "याला इंग्रजीत काय म्हणतात?" विलासरावांना येत नव्हतं. तिलाही आलं नाही. तिनं इंग्रजी अक्षरांतच लिहून टाकलं, विसण.

गाडी अर्धी झाली तेव्हा दुखणं कळलं. पाऊण झाली तेव्हा ती गेली. उरलेली पाव गाडी विलासरावांनी आराखड्यात होती तशी पुरी केली. त्यात त्यांनी एक खिळाही स्वतःच्या मनानं घातला नाही.

*

कल्लुबेट्टाच्या पायथ्याशी मोकळ्या माळावर मांडव पडले होते. गाड्यांची तपासणी करणाऱ्या शिवलीलाबाई उंच, पांढऱ्या केसांच्या आणि घाईच्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हातातला कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कूलंट, विसण," त्यांनी इंग्रजीत मोठ्यानं वाचलं. "हे काय आहे? कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. पाणी आहे," विलासराव म्हणाले.

"पाणी असेल तर पाणी लिहा. नियम स्पष्ट आहे. साधं पाणीच चालतं. दुसरं केमिकल रस्त्यावर सांडलं तर मागची गाडी घसरून दरीत जाईल. हे विसण केमिकल आहे का?"

"नाही हो. विसण म्हणजे..." आणि विलासराव अडकले. जन्म बंगळुरात गेला, कानडी घरच्यासारखं बोलायचे, पण हा शब्द त्यांनी घराबाहेर कधी काढलाच नव्हता. "म्हणजे बाथरूममध्ये..."

"बाथरूम?" शिवलीलाबाईंच्या भुवया वर गेल्या. मागे कुणीतरी हसलं.

शेजारच्या मोठ्या मांडवात एका नव्या कंपनीची चकचकीत गाडी होती. त्या गाडीची इंजिनिअर, एक तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालून उभी होती. शिवलीलाबाईंनी तिला हाक मारली. "आर्या, तू महाराष्ट्रातली ना? या शब्दाचा अर्थ काय?"

आर्यानं कागदात डोकावून पाहिलं. "विसण... विसर्जन टाइप काहीतरी आहे का?" तिनं विलासरावांकडे पाहिलं. "सॉरी सर. मी नागपूरची आहे, पण आमच्याकडे लहानपणापासून गीझरच होता."

शमिका पुढे झाली. "अगं, आंघोळीच्या गरम पाण्यात जे गार पाणी मिसळतात ना, ते."

"त्याला वेगळा शब्द आहे?" आर्याला खरोखरच नवल वाटलं.

शिवलीलाबाईंना मात्र पटलं नाही. "शब्दाचं मला सांगू नका. टाकीत काय आहे ते मला कसं कळणार? प्रयोगशाळा माझ्याकडे नाही. गाडी बाजूला घ्या, टाकी रिकामी करा, माझ्यासमोर साधं पाणी भरा."

टाकी रिकामी केली तर बर्फ गेला. बर्फ गेला तर गाडी अर्ध्या टेकडीवरच बंद पडणार. विलासरावांनी टेम्पोतून चहाचा स्टीलचा पेला आणला, टाकीची तोटी उघडून तो काठोकाठ भरला आणि शिवलीलाबाईंच्या समोर उभं राहून घटाघटा पिऊन टाकला. दाढांतून डोक्यापर्यंत कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दुसरा पेला भरला आणि पुढे केला.

"घ्या."

शिवलीलाबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्या लाल झालेल्या डोळ्यांकडे. "बेड," त्या म्हणाल्या. नको. आणि कागदावर शिक्का मारला. जाता जाता मात्र वळल्या. "पाणी चालेल. पण रेडिएटर नसलेली गाडी मी या टेकडीवर अजून पाहिलेली नाही. माझा शिक्का गाडी सुरक्षित आहे एवढ्याचाच. ती वर पोचेल याचा नाही."

"ते आमच्याकडे लागलं," विलासराव म्हणाले.

*

शुभंकर आला तेव्हा विलासराव ओली पोती टाकीवर अंथरत होते. मुलगा बेळ्ळंदूरहून सकाळची रहदारी कापत आला होता आणि त्याच्या डिकीत नवाकोरा रेडिएटर होता.

"अण्णा, अजून वेळ आहे. मी माणूस पण आणलाय बरोबर. नळ्या, क्लिपा, सगळं आणलंय. तासाभरात बसेल."

"नको."

"ऐकून तरी घ्या. हे आइसबॉक्स प्रकरण कागदावर ठीक आहे. आई हुशार होती, मी नाही म्हणत नाही. पण तिनं हे करून पाहिलं होतं का? नाही. एकदा तरी पूर्ण चढ मारून बघितला का? नाही. ती आज असती तर तिनंच बदललं असतं."

विलासरावांनी पोतं पिळलं आणि पुन्हा अंथरलं. "असती तर बदललं असतं. नाही ना? मग आपण नाही बदलायचं."

"हा हट्ट झाला."

"हो."

शुभंकरनं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "लोक काय बोलतायत माहीत आहे का? मी येताना ऐकलं. आइस्क्रीमची गाडी म्हणतायत. तिसऱ्या वळणावर वाफ निघाली आणि गाडी बंद पडली, तर अण्णा, लोक तुम्हाला नाही हसणार. शमिकालाही नाही. आईला हसतील. तिची ही एकच गाडी आहे. मला ते बघायचं नाहीये."

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. तेही रोज अंथरुणावर पडल्यावर हाच हिशेब करत होते. तीस वर्षं तिनं पंख काढले, शेपट्या काढल्या, आणि त्या विमानांवर कुठे तिचं नाव नव्हतं. ही एक गाडी होती. तीही चुकली तर चुकली म्हणूनच लोकांच्या लक्षात राहणार.

"रेडिएटर लावला आणि गाडी वर पोचली," ते शेवटी म्हणाले, "तर ती कुणाची गाडी म्हणायची?"

"अण्णा..."

"तुझी आणि माझी. बाजारातून आणलेल्या पत्र्याची. चुकली तर तिची चूक म्हणून चुकू दे. हसतील तर हसू देत. तिची चूक दुरुस्त करायला मी बसलेलो नाही."

शुभंकरनं डिकी धाडकन लावली. पण तो परत गेला नाही.

*

त्यांच्या वर्गातल्या गाड्या सोडायला सुरुवात झाली आणि दुसरीच गाडी वरच्या वळणावर कठड्याला जाऊन बसली. चालकाला काही झालं नव्हतं, पण क्रेन वर जाईपर्यंत रांग थांबली. शमिका हेल्मेट घालून बसली होती. इंजिन मघाशीच तापवून सुरू ठेवलं होतं. उष्णतेचा काटा वर सरकायला लागला तशी तिनं मान वळवली.

"काका, विसण आत्ताच ओढायला लागली ती. असंच उभं राहिलो तर इथेच संपेल."

"बंद कर."

"आणि मग?"

"बंद कर म्हणतो ना. आत ऊब राहील. निशाण पडायच्या वेळी सुरू करायचं."

"पण रांग पुढे सरकली की?"

मांडवापासून सुरुवातीच्या रेघेपर्यंतचा रस्ताही चढाचाच होता. विलासरावांनी चष्मा खिशात घातला, गाडीच्या मागे गेले, दोन्ही तळवे मागच्या पंखाच्या आडव्या फळीवर टेकवले आणि ढकलायला लागले.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग आलं. "अंकल, पेट्रोल संपलं काय?" कुणीतरी हिंदीत ओरडलं. "अरे, आइस्क्रीमवाला आला, ऑर्डर द्या!" पुढच्या मांडवातल्या पोरांनी घंटी वाजवल्यासारखा आवाज काढला. विलासरावांनी मान वर केली नाही. सहासष्ट वर्षांची माणसं चढावर गाडी ढकलत नाहीत हे त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना लगेच सांगितलं.

शुभंकर धावत आला. "सरका बाजूला. मी ढकलतो."

"हात लावू नकोस."

"अण्णा, मरून जाल!"

"हात लावू नकोस म्हणतो ना. तू रेडिएटरवाला."

शुभंकर मागे सरला. थोडं अंतर ठेवून बरोबर चालायला लागला. विलासराव दम घ्यायला थांबले तेव्हा त्यानं रस्त्याकडेचा एक धोंडा उचलून मागच्या चाकाखाली ठेवला. शमिकाचा ब्रेक लागलेलाच होता, धोंड्याची काही गरज नव्हती. विलासरावांनी ते पाहिलं. पुन्हा ढकलायला लागले की तो धोंडा काढायचा, थांबले की लावायचा.

रेघेपाशी निशाणवाला आडवा आला. "ढकलून आणलेली गाडी चालणार नाही. स्वतःच्या ताकदीनं आली पाहिजे."

"कुठे लिहिलंय?" विलासराव धापत म्हणाले.

"तसंच असतं."

"असतं नको. कुठे लिहिलंय ते दाखवा."

निशाणवाल्यानं शिवलीलाबाईंना वायरलेसवर विचारलं. पलीकडून थोडा वेळ नुसती खरखर आली. मग त्यांचा आवाज आला. निशाण पडल्यावर कुणी हात लावायचा नाही, एवढंच लिहिलंय. त्याआधी खांद्यावर उचलून आणली तरी माझी हरकत नाही.

क्रेन खाली आली. पुढच्या गाड्या एकेक करून सुटल्या. विलासराव दोन्ही हात पंखावर ठेवून उभे होते, कारण हात काढले असते तर पाय धरतील याची खात्री नव्हती. निशाणवाल्यानं बोटं वर केली. शमिकानं बटण दाबलं. एकदा नुसतंच घरघरलं. मागे कुणीतरी "गेली!" म्हणालं. दुसऱ्यांदा इंजिन भडकलं, आणि निशाण पडलं.

गाडी हाताखालून निघून गेली. विलासराव तिच्यावर रेलले होते तसेच पुढे झुकले आणि रस्त्यावर गुडघ्यांवर आले. माणसं धावली. "पडले, पडले!"

"थांबा," त्यांनी हात वर केला. "ऐकू द्या."

पहिल्या वळणावर आवाज खाली आला आणि पुन्हा चढला. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्या वळणापाशी शुभंकरनं श्वास रोखला हे त्यांना न बघता कळलं. आवाज तुटला नाही. चौथ्या वळणानंतर रस्ता टेकडीच्या पाठीमागे जायचा आणि तिथून काहीच ऐकू यायचं नाही. निशाणवाला घड्याळाकडे बघत राहिला. मघाची हसणारी पोरंही रस्त्यावर येऊन वर बघत होती. मग वायरलेस बोलला.

"आली. रेघ पार."

"वाफ?" विलासरावांनी गुडघ्यांवरूनच विचारलं. "विचारा त्यांना, वाफ आहे का?"

निशाणवाल्यानं विचारलं. उत्तर आलं तेव्हा तो स्वतःच हसला. "वाफ नाही म्हणतायत. चालवणाऱ्या बाई उतरून टाकीवर हात ठेवून बघतायत म्हणे."

शुभंकरनं हात पुढे केला. विलासरावांनी तो घेतला नाही. एक गुडघा, मग दुसरा, असे आपले आपणच उठले. उठल्यावर मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

*

पहिल्या फेरीत अकरा गाड्यांत त्यांची गाडी पाचवी आली. टाळ्या पडल्या नाहीत, फोटो निघाला नाही. शमिका गाडी घेऊन खाली आली तेव्हा घामानं निथळत होती आणि एकसारखी बोलत होती. काटा लाल रेषेला शिवला नाही, शेवटच्या वळणात मागचं चाक सुटलं ती चूक आपली, गाडीची नाही, आता दुसऱ्या फेरीत बघा. शुभंकर बर्फ कुठे मिळेल ते विचारायला चहाच्या टपरीकडे गेला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

विलासराव गाडीपाशी एकटेच उभे होते. शेजारच्या मांडवातून आर्या आली. तिची चकचकीत गाडी पहिली आली होती, तरी ती तिला सोडून आली होती. तिनं वाकून टाकी पाहिली, नळी कुठून कुठे जाते ते बोटानं माग काढत पाहिलं, खाली बसून पुन्हा पाहिलं.

"सर, किती कमी वजन झालंय हे. आम्ही कधी विचारच केला नाही असा. मला कुणी समजावून सांगेल का नीट?" ती उभी राहिली आणि गुडघ्यांची माती झटकली. "कुणी डिझाइन केलंय?"

"हिनं," विलासराव म्हणाले.

आर्यानं त्यांच्या डाव्या बाजूला पाहिलं. मग उजव्या बाजूला पाहिलं. मग पुन्हा त्यांच्या तोंडाकडे.

विलासरावांनी काही दुरुस्त केलं नाही. ऊन माथ्यावर आलं होतं आणि मांडवाची सावली कापडाच्या चिंधीएवढी उरली होती. ते त्या सावलीत जरा एका बाजूला सरकून, शेजारी एकीपुरती जागा ठेवून उभे राहिले.